आधी पाटी, मग बी.ए.

ग्रॅनाइटच्या पाटीवर अक्षरं एकदाच कोरून घ्यावीत, पुन्हा मशीन लावलं की दगड तडकतो, असं मला पाटीवाल्यानं गळ्याला हात लावून सांगितलं. म्हणून मी 'रामप्रसाद देवकते' याच्यापुढं 'बी.ए., समाजशास्त्र' हेही त्याच खेपेला कोरून घेतलं आणि पाटी फाटकाच्या खांबावर सिमेंटनं बसवली. तेव्हा मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. पहिलं आणि दुसरं वर्ष पास झालेला माणूस तिसऱ्याला कशाला नापास होईल, असा साधा विचार त्यामागं होता. बायको म्हणाली, "निकाल लागू द्या की." पण नुसता मोकळा खांब ठेवला तर गल्लीतली पोरं त्यावर कोळशानं स्टंप काढतात, हे तिला कुठं माहीत आहे?

पन्नाशी उलटल्यावर बी.ए. कशाला, असं आमच्या परभणीत मला एकानंही विचारायचं सोडलं नाही. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, बारावीवर लागलेला. ऑफिसात नवीन लागलेली पोरं झाडून पदवीधर आहेत आणि रजेचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. मला एवढं कारण पुरलं. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे विषय घेतले, कारण समाजात मी जन्मापासून आहेच आणि मानव असल्याबद्दलही आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प असतो. आमच्या अभ्यासकेंद्राचे सुगत सर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत, पण ते आले की मी आपोआप बाकावरून उभा राहतो. त्यांनी मला विषय दिला: 'एका वस्तीतील विवाह व आप्तसंबंध'. म्हणजे घरोघर जायचं आणि कूळ कोणतं, देवक कोणतं, आजोळ कुठलं, लेकी कुठं दिल्या, सुना कुठून आणल्या, जमीन-जनावरं किती, मुलं काय करतात, हे विचारून लिहून आणायचं.

"देवकते, आपल्याच समाजाची वस्ती घ्या, म्हणजे लोक बोलतील," सर म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. पोलीस पाटलासारखे प्रश्न सुरू करायचे नाहीत. आधी स्वतःबद्दल मोकळेपणानं सांगायचं, घरात कोण आहे, काय करतात. माणूस आपल्याबद्दल बोलला की समोरचा त्याच्याबद्दल बोलतो. मग विचारा."

त्यांचं हे वाक्य मी वहीत घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या शेजारी महारुद्रअप्पा राहतात. निवृत्त मंडळ अधिकारी. ते महसूल खात्यातून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून अजून झालेले नाहीत. मी येलदरी धरणाच्या अलीकडच्या खडकाळवाडीला जायचं ठरवलं आहे, हे कळताच ते कुंपणावरून म्हणाले, "एकटे नका जाऊ. असल्या कामाला शेजारचं एक वजनदार माणूस लागतं. मी येतो." मग त्यांनी कॅलेंडर बघून वार काढला. शर्ट पांढराच घाला म्हणाले. "आणि हात हलवत जाता का कुणाच्या दारात? पेढ्याचा पुडा घ्या." मला वाटलं, अप्पांना संशोधनाची गोडी लागली. पुढं जे घडलं त्यात अप्पांचा वाटा निम्मा आहे, पण बोलणी मी एकट्यानं खाल्ली.

जिंतूरपर्यंत एस.टी. आणि पुढं जीपनं आम्ही खडकाळवाडीला उतरलो. वस्ती मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्यांची, जोडीला थोडी कोरडवाहू शेती. पहिलंच घर रायभान यांचं लागलं. ते ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी राम राम घालून सांगितलं की विद्यापीठाच्या अभ्यासासाठी आलो आहे, थोडी माहिती हवी आहे.

"या ना, या," रायभान म्हणाले आणि अप्पांच्या पांढऱ्या धोतराकडं, मग पेढ्याच्या पुड्याकडं बघून घरात वळून ओरडले, "आगं ए, पावणे आलेत! मल्हारला बलीव!"

मी सरांच्या सूचनेप्रमाणं स्वतःपासून सुरुवात केली. म्हणालो, "मी सरकारी नोकरीत आहे. परभणीला स्वतःचं घर. एकुलती एक मुलगी, दीपिका. बी.एस्सी. ॲग्री झाली, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. लग्न अजून व्हायचं आहे. आता तुमचं सांगा. देवक कोणतं आपलं?"

आता कुणीही हसेल. पण मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त प्रश्नावली होती.

रायभान यांनी दोरी खाली ठेवली. त्यांच्या बायकोनं, कासाबाईंनी, डोक्यावरचा पदर सारखा केला. आतून सतरंजी आली, सतरंजीवर चादर आली, चादरीवर अप्पा बसले. थोड्या वेळानं कांद्याचे पोहे आले आणि त्यांच्यामागून तिशीचा एक उंच पोरगा नवा कोरा शर्ट घालून आला. शर्टाच्या कॉलरवर दुकानातला कागद तसाच होता. तो मल्हार. माझ्या आणि अप्पांच्या पाया पडून तो दाराला टेकून उभा राहिला आणि आपल्याच अंगठ्याकडं बघत राहिला. खेड्यात संस्कार अजून टिकून आहेत, असं मी वहीत लिहिलं.

आणि माहिती काय मिळाली म्हणता! सर आम्हाला कायम सांगत, की लोक सहजासहजी बोलत नाहीत, महिनोन्महिने जातात. परदेशातले ते गोरे साहेब बेटांवर जाऊन झोपड्या बांधून राहिले, तेव्हा कुठं त्यांच्याशी कुणी बोललं. इथं मी एक प्रश्न विचारला की तीन उत्तरं येत होती. जमीन किती विचारलं तर विहीर, बोअर आणि पाइपलाइनही सांगत. मेंढरं किती विचारलं तर "मोजायला दिस पुरत न्हाई" म्हणत. कुठलं व्यसन? "च्याबी घेत न्हाई पोरगा!" मल्हारच्या आईचं माहेर विचारलं, आईच्या आईचं माहेर विचारलं. कासाबाई माझ्याकडं टक लावून बघू लागल्या. म्हणाल्या, "हे कुनी आजपोतर इच्यारलं न्हवतं."

तिथून उठतो तर बाहेर शेजारचे सिताराम हात जोडून उभे. "आमच्याकडंबी या की. आमाला काय पोरं न्हाईत का?" त्यांच्याकडं पोहे. त्यांच्या पलीकडं पोहे आणि शिरा. दुसऱ्या फेरीला गेलो तर लोक जीपच्या थांब्यावर घ्यायला आले. घरांना रंग लागले होते. चार दारांत ट्रॅक्टर उभे होते, चारही लाल आणि चारहींचा डावा दिवा फुटलेला. मी प्रामाणिकपणे चार ट्रॅक्टर लिहून घेतले. सितारामांचा थोरला मिलिट्रीत होता, तरी तो समोर बसून पोहे खात होता. मी रजेवर आला असेल असं धरलं.

अप्पा मात्र परतताना सारखे म्हणायचे, "पहिलं घर चांगलं आहे. पोरगा खाली बघून बोलतो." मला वाटायचं, अप्पांची निरीक्षणशक्ती वाढली.

प्रकल्पाला गावचा दाखला जोडायचा होता. त्यासाठी ग्रामसेवकांना गाठलं. माणूस मला तिसऱ्या खेपेला जिंतूरच्या ऑफिसात सापडला. मी म्हणालो, "सदर इसमाने गावात येऊन अभ्यास केला, एवढंच द्या." त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "असा नमुना आपल्याकडं न्हाई. रहिवासी दाखला देता येईल." मी तीन वेळा समजावलं. त्यांनी चहा पाजला आणि 'रामप्रसाद देवकते हे खडकाळवाडीचे कायम रहिवासी आहेत' असा शिक्का मारून दिला. सरकारी शिक्क्याला नाही म्हणायची मला सवय नाही. मी तो घेतला.

सुगत सरांनी माझा प्रकल्प वाचला. वाचताना त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"देवकते, या वस्तीत सगळ्यांना बागायत?"

"हो सर."

"एकही माणूस दारू पीत नाही? एकही भाऊ भावापासून वेगळा राहत नाही? सगळ्या पोरांना येत्या महिन्यात नोकरी लागणार आहे?"

"गाव चांगलं आहे सर."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हे तुम्ही घरी बसून भरलंय. तुमच्या वयाचा मान राखून एवढंच सांगतो, मी सही करणार नाही. खरी माहिती आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बसा."

मी! ज्यानं पोटात जागा नसताना पोहे खाल्ले, त्यानं घरी बसून भरलं! अभ्यासकेंद्रापासून घरापर्यंत मी पायी आलो. फाटकाशी पाटी उन्हात चमकत होती. पुढच्या वर्षी बसायचं म्हणजे वर्षभर ही पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला खोटं सांगत उभी राहणार, खोडायला गेलो तर दगड तडकणार आणि ऑफिसातली पोरं माझ्याकडूनच अर्ज लिहून घेत राहणार.

रविवारी पुन्हा खडकाळवाडीला जायचं ठरवून मी बूट घालत होतो, तोच फाटकासमोर एक जीप थांबली. मागं दुसरी. त्यांतून रायभान, कासाबाई, मल्हार, सिताराम, त्यांचा मिलिट्रीतला थोरला आणि उरलेली जवळपास अर्धी वस्ती उतरली. बायकांच्या हातात नारळ होते. मल्हारच्या कॉलरवरचा कागद या वेळी काढलेला होता.

"राम राम पावणं," रायभान म्हणाले. "तुमी दोनदा येऊन गेलाव. मनलं आता आपून घर बगायला जावं. समदेच निगाले, मग काय करता? ज्याचं जमंल त्याचं जमंल."

घर बघायला! माझ्या पायातला एक बूट तसाच राहिला. कुंपणापलीकडून अप्पा लगबगीनं टोपी घालत आले. मी त्यांना बाजूला ओढून विचारलं, "अप्पा, हे काय आहे?" तर अप्पा निरागसपणे म्हणाले, "म्हणजे? मला वाटलं तुम्ही दोन्ही कामं एकात उरकताय."

माणसं हॉलमध्ये, हॉलबाहेर, जिन्यात बसली. रायभान यांनी छताकडं, पंख्याकडं, टीव्हीकडं पाहिलं आणि चौकशी सुरू केली. आणि काय सांगू, एकेक प्रश्न माझाच! देवक कोणतं, आजोळ कुठलं, भाऊ किती, भावांशी बोलणं आहे का, एकच मुलगी का, व्यसन कसलं. प्रश्न विचारताना माणूस किती मोठा असतो आणि उत्तरं देताना केवढा होतो, हे पाठ्यपुस्तकात नाही. मी घाम पुसत उत्तरं देत होतो.

"शिक्शन?" रायभान म्हणाले.

"बी.ए.," मी म्हणालो आणि खिडकीतून फाटकावरच्या पाटीकडं हात केला.

माझी बायको बबिता आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती म्हणाली, "कुठं? अजून पास व्हायचेत की."

मल्हारनं फाटकापर्यंत जाऊन पाटी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. कासाबाई म्हणाल्या, "दगडावर लिवलंय आन् खरं न्हाई?"

रायभान यांनी शेजारच्यांशी कुजबुज केली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "वाईट नका मानू, पावणं. घर चांगलं हाय. पर फाटकावरच असलं लिवायचं मंजी... आमाला ही सोयरीक जमायची न्हाई."

सितारामांनीही मान हलवली. "आमालाबी न्हाई."

मला नकार मिळाला होता. मी जे मागितलंच नव्हतं त्याला, माझ्याच घरात, एका पायात बूट असताना. आणि खरं सांगतो, मला राग आला तो गैरसमजाचा नाही, नकाराचाच. "का नाही जमायची?" मी ओरडलो. "काय कमी आहे आमच्यात?" मग भानावर येऊन म्हणालो, "अहो, पण मी सोयरिकीला आलोच नव्हतो! मी परीक्षेसाठी आलो होतो! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विद्यापीठाचा अभ्यास आहे म्हणून!"

रायभान हसले. "समदे असंच मनतेत की! पोरीचा बाप कदी सरळ मनतोय का, पोरगा बगायला आलो मनून? कुनी मनतंय म्हैस बगायला आलो. मागच्या साली एक जन बोअरचं पानी बगायला आल्ता, पोह्ये खाऊन गेला. आमाला वाटलं, तुमचं इद्यापीठ हाय."

सगळी हसली. कासाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आतापोतर लय आले. एकर इच्यारलं, नौकरी इच्यारली, निगून गेले. शेतकऱ्याच्या, मेंढरावाल्याच्या घरी पोरगी द्यायला कुनी तयार न्हाई. तुमी पयले, ज्यानं माज्या आईचं म्हायेर इच्यारलं. मला वाटलं, ह्यो मानूस खरंच आलाय."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी त्यांच्या आईचं माहेर विचारलं, कारण सातव्या प्रश्नानंतर आठवा प्रश्न होता. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं: सर, सही, पाटी, बागायत. माझी डिग्री आता जाणार, हेही सांगितलं.

रायभान जरा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग पुन्हा खाली बसले. "सोयरीक तर मोडलीच. मग आता लपवायचं कशापायी? काडा तुमचं कागद. आमचं बागायत न्हाई. बोअरला पानी लागलं न्हाई. अन् मेंढरं मोजायला दुपारपोतर लय झालं."

"टॅक्टर समद्यांत मिळून एकच हाय," सिताराम म्हणाले. "तुमी एका घरात बसले की मागून दुसऱ्याच्या दारात न्यायचो. आन् आमचा थोरला मिलिट्रीत न्हाई. मिलिट्रीसाटी पळायलाय."

मग जो तो बोलू लागला. कुणाचा भाऊ रुसून वेगळा झाला होता, कुणाची लेक नांदायला जात नव्हती, कुणाचा बाप जिन्यात बसूनच सांगत होता की आपण पितो आणि सोडणार नाही. माझं लिहिणं मागं पडत होतं. तेव्हा दीपिका आतून आली, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि लिहायला बसली. इतका वेळ ती दाराआड होती. "पप्पा, तुम्ही दुसरा बूट काढा," ती म्हणाली. अप्पांनी त्यांच्या घरून पोहे मागवले. आमच्या घरातले पुरले नाहीत.

ते गेल्यावर बबितानं खाकी चिकटपट्टी आणली आणि पाटीवरच्या 'बी.ए., समाजशास्त्र'वर आडवी लावली.

नवा प्रकल्प वाचून सुगत सर पहिल्यांदा माझ्यासाठी खुर्चीवरून उभे राहिले. रहिवासी दाखला मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि फाइलमधून हळूच काढून ठेवला. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, "लोक सर्वेक्षणात खरं कधी सांगतात?" मी म्हणालो, "सर, सोयरीक मोडल्यावर." ते इतके हसले की पुढचा प्रश्न राहून गेला. मी पास झालो. श्रेणीबद्दल मी बोलत नाही.

निकालाच्या दिवशी मी स्वतः चिकटपट्टी काढली. ऑफिसात पेढे वाटले, अप्पांना दोन जास्त दिले. पुढच्या रविवारी फाटकाशी जीप थांबली. या वेळी एकच होती. कासाबाई उतरल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि मल्हारला म्हणाल्या, "वाच." त्यानं वाचलं. "आन् आता खरं हाय का?" त्यांनी मला विचारलं.

"खरं आहे," मी छाती काढून म्हणालो.

"मंग आडचन काय उरली?" असं म्हणून त्या आत आल्या आणि मागच्या वेळच्याच जागी बसल्या. त्यांच्यामागं रायभान बसले. डिग्री मिळाली की अशी अंगाशी येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, की आजकाल मुलींचं मत घ्यावं लागतं, तिला नोकरी आहे, तिचं तिनंच ठरवायचं.

दीपिका आतून आली. तिच्या हातात माझ्या उरलेल्या कोऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक होती. ती मल्हारसमोर खुर्ची ओढून बसली आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला पेन टेकवलं.

"स्वयंपाक येतो का?"

हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता. सुगत सरांनाही तो सुचला नव्हता.

मल्हारनं पहिल्यांदाच मान वर केली. "येतो की," तो म्हणाला. "मेंढरामागं रानात महिना महिना ऱ्हावं लागतंय. भाकरी, पिठलं, समदं करतो. तिथं कोन करून घालायलंय?"

दीपिकानं ते सावकाश लिहून घेतलं. बबिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आधी मल्हारकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बराच वेळ माझ्याकडंच पाहत राहिली.

पाटीवर चिकटपट्टीचा गोंद राहिला होता. मी ओलं फडकं घेऊन तो पुसायला बाहेर गेलो.